खळ

मोरीतल्या निळ्या बादलीत गुलाबी रिबिनी तरंगत होत्या. दानेश्वरी पाय धुवायला आत आली होती. प्रयोगशाळेचं पाणी गेल्यामुळे कॉलेजातली दुपारची प्रॅक्टिकल्स रद्द झाली होती आणि ती भर उन्हात स्कूटर चालवत नेहमीपेक्षा बरीच लवकर घरी पोचली होती. नळाकडे नेलेला हात तसाच राहिला. रिबिनी पाण्यावर सैल पसरल्या होत्या आणि खाली जाऊन एका पितळी तांब्याच्या बुडाशी नाहीशा होत होत्या. तांब्या वजनासाठी ठेवलेला होता. त्याच्याखाली तिच्या मुलीचे, नीलांबिकेचे, बॅलेचे बूट होते, पायाच्या टोकांवर उभं राहायचे. नवे. दुकानात मापाला घातले असतील तेवढेच. बादलीच्या तळाशी खडेमीठ पडलं होतं आणि खड्यांच्या कडा अजून शाबूत होत्या.

मीठ विरघळलेलं नाही, म्हणजे बादली भरून फार वेळ झालेला नाही. हे तिला पाहताक्षणी कळलं. अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. असल्या गोष्टी तिला विचार न करता कळत. वरचं साटीन भिजलं असेल, पण आत पाणी शिरायला वेळ लागतो. आत म्हणजे त्या टोकाच्या कडक डबीत. लोकांना वाटतं की तिथे लाकूड असतं. तसं काही नसतं. गोणपाटासारख्या जाड्याभरड्या कापडाचे थर असतात आणि ते एकमेकांना चिकटवून, वाळवून कडक केलेले असतात, बस. बूट घ्यायच्या आधी बॅलेचा क्लास घेणाऱ्या कीर्तीने सगळ्या आयांना हॉलवर बोलावून हे समजावलं होतं, एक जुना बूट मधोमध कापून दाखवला होता. कीर्ती ‘पेस्ट’ म्हणाली होती. दानेश्वरीच्या मनात मात्र दुसराच शब्द आला होता, खळ. सोलापुरात खळ कुणाला सांगावी लागत नाही. मागावर चढण्याआधी सुताला खळ देतात, आणि चादर घरी आली की तीच खळ घालवण्यासाठी लोक ती भिजत टाकतात. ज्या बिस्किटाएवढ्या जागेवर मुलीचा सगळा भार तोलला जायचा ती जागा म्हणजे नुसतं कापड आणि खळ, आणि आता ती पाण्यात होती.

हे कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती. या घरात कोरं कापड कुणी अंगाला लावत नसे. नवऱ्याचं, नंदीशचं, दुकान चादरी-टॉवेलांचं, त्याच्या आधी त्याच्या वडिलांचं. आणि सासूबाईंचा, निंगव्वांचा नियम त्या दुकानाहूनही जुना. नवा टॉवेल असो, परकर असो, जावयाला द्यायचं धोतर असो, आधी मिठाच्या पाण्यात. रंग जात नाही, खळ जाते, कापड अंगाला चावत नाही. दानेश्वरीच्या लग्नातले शालूसुद्धा सासूबाईंनी बुडवले असते, माहेरच्यांनी हातातून काढून घेतले म्हणून वाचले, असं अजून घरात हसून सांगतात. सासूबाईंनी सकाळी ते बूट पलंगावर पाहिले असणार. बोटाने टोक दाबून पाहिलं असणार. कडक लागलं असणार. आणि नाकाशी नेल्यावर तो ओळखीचा वास आला असणार, नव्या कापडाचा, गोदामाचा.

बाहेरच्या खोलीतून शेंगा फोडल्याचा आवाज येत होता. सासूबाई तिथेच बसलेल्या. हात घालून बूट बाहेर काढायचे, पंख्याखाली ठेवायचे, कीर्तीला फोन करायचा. यात अवघड काहीच नव्हतं. जरा बसावं म्हणून दानेश्वरीने मोरीच्या कट्ट्यावर बूड टेकवलं. डोकं उन्हाने ठणकत होतं. बसल्यावर बादली जवळ आली आणि पाणी तिरकं, तळापर्यंत दिसू लागलं. मिठाच्या खड्यांभोवती पाणी किंचित थरथरल्यासारखं दिसत होतं, उन्हात रस्त्यावरची हवा दिसते तसं.

आता लगेच काढायचे, असं ती स्वतःला म्हणाली. पण काढले तर सासूबाईंना काहीतरी सांगावं लागेल, आणि काय सांगायचं? तीन वर्षं त्या या नाचाच्या विरुद्ध होत्या. आपल्यात हे नाही, पोरीच्या जातीला पाय दाखवत उड्या कसल्या मारायच्या, वगैरे. नीलू क्लासला निघाली की त्या देवघरात जाऊन बसत. आणि काल संध्याकाळी नीलू जमिनीवर बसून बुटांना रिबिनी शिवत होती, कारण कीर्तीचा दंडक होता की ज्याच्या पायात बूट जाणार त्यानेच ते शिवायचे, आईने नाही, शिंप्याने तर नाहीच. तेव्हा सासूबाई आपलं जपाचं बाजूला ठेवून तिच्याजवळ सरकल्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, टाका बारीक घाल की गं, लांब टाका ओढ बसली की उसवतो. नीलूने मान वर केली नाही, पण टाका बारीक घातला. दानेश्वरी दारातून पाहत होती. तिला बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं होतं की आता घरात विरोध करणारं कुणी उरलं नाही. म्हणजे तिच्याऐवजी विरोध करणारं.

हा विचार मोरीत बसल्यावर पुन्हा आला आणि या वेळी तो लवकर गेला नाही.

नीलू लहानपणी चवड्यांवर चालायची. टाचा टेक, टाचा टेक, म्हणून सासूबाई तिच्या मागे असायच्या. हाडांच्या डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, मोठी झाली की जाईल. ते गेलंही. पण त्याच सुमारास जुळे सोलापुरात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये बॅलेचा क्लास सुरू झाल्याची पाटी दानेश्वरीने वाचली होती आणि खाली नाव ओळखीचं होतं. कीर्ती तिचीच विद्यार्थिनी. बारावीला पहिल्या बाकावर बसायची, प्रश्न फार विचारायची, ब्युरेट वाचताना डोळा अगदी पातळीला आणायची. पुढे पुण्याला शिकायला गेली, तिथे नोकरी करता करता हे शिकली, उशिरा, आणि उशिरा सुरू केलेल्याला यात फार पुढे जाता येत नाही हे तिने स्वतःच दानेश्वरीला सांगितलं होतं, न कुरकुरता. वडिलांना, सिद्रामरावांना, अर्धांगवायू झाला म्हणून परत आली. नीलूला तिच्याकडे नेलं ते दानेश्वरीनेच. पायांना व्यायाम होईल, असं घरात सांगितलं होतं. ते खरं होतं. पण ती पाटी वाचताना तिला स्कूटर बंद करून बराच वेळ तिथे उभं राहावंसं वाटलं होतं, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या हॉलची शहाबादी फरशी पायांना कठीण म्हणून कीर्तीने प्लायवूड अंथरून वर फ्लेक्स उलटे करून चिकटवले होते. वाढदिवसांचे, निवडीच्या अभिनंदनाचे, कुठून कुठून मागून आणलेले. पुढारी सगळे पालथे, वरून पांढरं. मुलींना त्याची गंमत वाटे. आज कुणाच्या नाकावर उभी आहेस, म्हणून एकमेकींना विचारत. भिंतीला नळाचा पाइप वेल्डरकडून बसवून घेतलेला. कीर्ती फ्रेंच शब्दांतच शिकवायची, आणि टाचा उचलून वर जाण्याला जो ‘रलवे’ असा शब्द होता तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी ‘रेल्वे’ झाला. कीर्तीने सुधारायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. रेल्वे माझ्या बापाची, असं म्हणायची. सिद्रामराव रेल्वेतूनच निवृत्त झालेले. बाप जागेवर पडून, आणि मी रोज तुमच्याकडून रेल्वे चालवून घेते.

टोकांवर कधी चढायचं, हे मुली रोज विचारत आणि कीर्तीचं उत्तर ठरलेलं असे. अजून नाही. हाडं कच्ची आहेत. घोटा आत वळतोय. गुडघा ढिला. पोट सोडलंय. टोकांवर उभं राहणं म्हणजे बोटांवर उभं राहणं नव्हे, ती म्हणायची, बुटातून वर निघायचं असतं. बुटात बसलात तर बूटही मोडेल आणि पायही. दानेश्वरीला हे पटे. वाढ संपायच्या आधी हाडांवर भार नको, हे शास्त्राला धरून होतं. ‘अजून नाही’ हे शब्द तिला आवडत. त्यांत नकार नव्हता आणि होकारही नव्हता. त्या शब्दांच्या आडोशाला ती तीन वर्षं अगदी उदार आई होती. क्लासला नेत होती, आणत होती, पायांना तेल लावत होती, सासूबाईंची बोलणी परतवत होती.

मग होळीच्या नंतर एका दिवशी कीर्ती म्हणाली, आता. आपला एक जुना जोड नीलूच्या मापाचा निघाला तो तिने तिला घातला, बोटांवर कापूस गुंडाळला, पाइपला दोन्ही हात धरायला लावले. दानेश्वरी इतर आयांबरोबर दाराशी होती. मुलगी काहीतरी चढल्यासारखी वर जाईल, डगमगेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. नीलूने गुडघे जरा वाकवले, आणि मग आतून कुणी दोरी खेचावी तशी ती सरळ झाली, खांदे खालीच राहिले, मान लांब झाली, आणि पायांखाली काही नव्हतं, म्हणजे नावापुरतं होतं. कीर्ती हळू आवाजात म्हणत होती, निघ, निघ, अजून निघ. दर वेळी एखादं नवं जमलं की नीलू दाराकडे बघे. आईने पाहिलं का, एवढंच त्या बघण्यात असे. त्या दिवशी तिने पाहिलं नाही. खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. समोरच्या आरशात स्वतःच्या घोट्यांकडे तिचं लक्ष होतं. तिला कुणी पाहायला नको होतं. शेजारच्या बाईने दानेश्वरीचा दंड दाबून म्हटलं, बघा तरी की हो तुमची पोर, आणि दानेश्वरी हसली. त्या हसण्यामागे जे होतं त्याला अभिमान म्हणतात का, हे तिने तेव्हा तपासलं नाही. प्रयोगात नको ते उत्तर आलं की मुलं करतात तसं केलं, आकडा वहीत न लिहिता काचनळी धुऊन ठेवली.

त्यानंतर कीर्तीने येत्या रविवारचं सांगितलं. पुण्याहून तिच्या बाई येणार होत्या. दोन-तीन मुलींना टोकांवर उभं करून बघणार होत्या. त्यांतली एक उन्हाळाभर त्यांच्याकडे राहून शिकेल. आणि चांगलं निघालं तर, कीर्ती थांबत थांबत म्हणाली, तर दहावीनंतर तिकडेच. नीलूच्या डोळ्यांत दानेश्वरीने ‘तिकडेच’ हा शब्द पेटलेला पाहिला. नंदीश म्हणाला, जाऊ दे की, काय होतंय. बूट आणायला मायलेकी पहाटेच्या गाडीने पुण्याला गेल्या. तिथल्या दुकानातल्या बाईने नीलूचं एकेक बोट चाचपून, जोडामागून जोड घालून काढून, शेवटी हे निवडले. परतीच्या गाडीत नीलूने बुटांचा डबा मांडीवर घेतला होता आणि कुर्डुवाडी गेली तरी उघडला नव्हता.

पुणं दानेश्वरीला माहीत होतं. एम.एस्सी.ची दोन वर्षं तिथली. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर शिरीष होता. तिच्या सरांना डिंक आणि कांजी यांच्यावर काम करणारी मुलगी हवी होती. ते म्हणाले होते, राहा, तुझा हात स्थिर आहे. ती सुटीत अक्कलकोटला आली तेव्हा वडील, शिवलिंगप्पा, अडत दुकानातून येऊन जेवायला बसले होते. तिने सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला, डाव्या हाताने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “साकु, अव्वा.” पुरे, बाळ. एवढंच. घरात कन्नड आणि मराठी अशी सरमिसळ चालायची की कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे कुणी बघत नसे, पण त्या दुपारी भांडी घासताना तिच्या ध्यानात आलं होतं की कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे, आणि साकु म्हणजे पोसणं, लहानाचं मोठं करणंही. एकाच तोंडाने दोन्ही. तिला त्यांचा राग आला नव्हता. बरं अप्पा, म्हणाली होती. मग हे घर, नंदीश, नोकरी, नीलू. काहीच वाईट झालं नव्हतं. शिकवताना ती कधी चुकत नसे. तिला वाटायचं की तो शब्द आपण पचवला. आता बादलीकडे बघताना वाटलं की पचवला नव्हता, तोंडात धरून ठेवला होता, इतकी वर्षं, कुणाला तरी म्हणायला.

“दानव्वा,” बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, “आलीस काय गं? चहा टाकू?”

शेंगांचा आवाज थांबला होता. ओ दिली असती तर उठावं लागलं असतं. उठलं असतं तर हात बादलीत घालावा लागला असता. जरा वेळाने शेंगा पुन्हा फुटू लागल्या.

नीलूची हाडं खरंच कच्ची असतील, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. एक वर्ष थांबलं तर काय बिघडतं? कीर्तीला घाई झाली असेल, तिला आपल्या बाईंना दाखवायचं असेल. आणि ही चूक माझी नाही. मी काहीच केलेलं नाही. हे वाक्य अगदी बिनचूक होतं आणि बिनचूक वाक्यांची तिला सवय होती. तिने बादलीत पाहिलं. तळ स्वच्छ निळा दिसत होता. मीठ कधी संपलं ते तिला कळलं नव्हतं; शेवटचा खडा जाताना पाहायचा राहून गेला होता. तांब्याभोवती पाण्याला किंचित पांढुरकी छटा आली होती, तांदूळ धुतल्यावर येते तशी.

मग मात्र ती घाईने उठली. तांब्या काढला, हात कोपरापर्यंत आत घातला. बूट फार जड झाले होते. अंगठ्याने टोक दाबलं तसं ते आत गेलं आणि परत वर आलं नाही. ताटात उरलेल्या भिजक्या भाकरीसारखं लागलं हाताला. तिने ते पिळले नाहीत. पिळायचे नसतात एवढं ती विसरली नव्हती. दोन्ही हातांत धरून ती तशीच उभी राहिली, बुटांतून पाणी तिच्या पायांजवळ ठिबकत राहिलं, आणि तेवढ्यात जिन्यात नीलूची पावलं वाजली.

शाळेची पिशवी खांद्यावरच होती तिच्या. सासूबाई शेंगांचं सूप बाजूला सारून मागोमाग आल्या होत्या आणि खूश होत्या. नीलूला त्याच सांगू लागल्या, मिठात घातलंय, आता चावायचं न्हाई, कोरं कुटं घालायचं असतंय पायात, फोड येतंय की. नीलूने आईच्या हातातून बूट घेतले. टोक दाबलं. दुसऱ्याचं टोक दाबलं. तिच्या ओठांवरचा रंग गेला. दानेश्वरीला वाटलं, आता ओरडेल, आणि ओरडलेलं बरं.

“बरं केलंस, अज्जी,” नीलू म्हणाली. सासूबाईंच्या खांद्यावर तिने एक हात टाकला होता. मग आईकडे वळून तिने विचारलं, “मम्मी, तू कधी आलीस?”

“आत्ताच.”

“आत्ता कुटली,” सासूबाई हसल्या. “कवाधरनं मोरीत बसली हाय. मी चहाला हाक मारली तर ओ न्हाई. पोरांफुडं वरडून वरडून कान गेलं बग हिचं.”

नीलूने आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिने तिच्या पायांकडे पाहिलं. बाहेरून येऊन मोरीत गेलेल्या बाईच्या पायांवर अजून रस्त्याची धूळ होती, आणि तिच्यावर फक्त बुटांतून ठिबकलेल्या पाण्याचे ओघळ. मोजून एवढंच तिने पाहिलं आणि म्हणाली, भूक लागलीय. थाळीत वाढलेलं सगळं तिने खाल्लं.

नंदीशला रात्रीच्या जेवणावेळी कळलं. तो म्हणाला, दुसरे आणू. मग कळलं की तसे लगेच मिळत नाहीत, पायात घालून बघून घ्यावे लागतात, आणि रविवार परवावर आलाय. जाऊ दे, अव्वाचं वय झालं, तिला काही बोलू नका, असं त्याने ठरवून टाकलं, आणि तिघांनी ते मान्य केलं. सासूबाईंना कुणी काही सांगायचं नाही या एका गोष्टीवर घर इतकं एकजीव झालं की बाकी काही विचारायला जागाच राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सासूबाई ते बूट गच्चीत उन्हाला ठेवत होत्या, कुरडया परतवाव्यात तसे ते तासातासाने परतवत होत्या. सोलापूरच्या चैत्राच्या उन्हात काहीही वाळतं. बूट वाळले, कडकसुद्धा झाले, पण जसे कलंडले होते तसेच. डाव्याचं टोक एका बाजूने आत बसलं होतं, दात काढलेल्या तोंडासारखं. दानेश्वरी दोनदा गच्चीत गेली, दोनदा कीर्तीला फोन लावायला घेतला. नीलूशी बोलायचं ती वाक्य मनात जुळवत होती. ‘मी पाहिलं होतं’ असं सुरू होणारं. पण नीलू तिच्याशी इतकं नीट वागत होती, पाणी आणून देत होती, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होती, की त्या वाक्याला सुरुवात करायला फट सापडेना.

रविवारी सकाळी हॉलवर कीर्ती फ्लेक्सवर ओला कपडा फिरवत होती. पुण्याच्या बाई स्टेशनवरून निघाल्या होत्या. दुसऱ्या दोघी मुली पायांना पट्ट्या लावत बसल्या होत्या. कीर्तीने नीलूच्या हातातले बूट घेतले, उलटे केले, एकाचं टोक जमिनीवर आपटून पाहिलं आणि तशीच उकिडवी राहिली.

“हे काय झालं?”

दानेश्वरीने तोंड उघडलं होतं. पण नीलू आधी बोलली, शांतपणे, जणू पाठ करून आली होती.

“मी भिजवले, दीदी. नरम होतील म्हणून.”

“पाणी लावायचं नाही हे सांगितलं होतं का मी?”

“हो.”

“तरी?”

कीर्तीने बूट नीलूच्या हातात परत दिले. तिचा आवाज चढला नाही. ती फक्त दमल्यासारखी दिसली. म्हणाली, मग आज साधे बूट घाल. बाईंना मी सांगेन की ही अजून टोकांवर गेलेली नाही. आणि पावसाळा संपेपर्यंत साधेच. ज्याला आपले बूट कळत नाहीत त्याला मी वर चढवत नाही, नीलू, पडलीस तर मला झोप येणार नाही.

“कीर्ती,” दानेश्वरी म्हणाली, “तिने नाही केलं. मी पाहिलं होतं. वेळेवर पाहिलं होतं. आणि काढले नाहीत.”

इतकं सरळ वाक्य आपल्या तोंडून निघेल असं तिला वाटलं नव्हतं. कीर्तीने तिच्याकडे वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू आलं, समजूतदार, आदराचं, मोठ्या माणसाची लबाडी पोटात घालणारं.

“मॅडम, पाठीशी घालू नका तिला. तुम्हीच आम्हाला ओरडायचात की, दुसऱ्याचं रीडिंग आपल्या जर्नलमध्ये लिहायचं नाही.”

दानेश्वरीने नीलूकडे पाहिलं. खरं काय ते त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं आणि नीलूने एक शब्द उच्चारला असता तर कीर्तीने तो ऐकला असता. नीलू खाली बसून साध्या बुटांचं इलॅस्टिक नीट करत होती. एका पायाचं झालं, मग दुसऱ्याचं. मग उठली, आणि आईजवळून जाताना म्हणाली, “तू बाहेर बस, मम्मी. इथे उकडतंय.” आवाजात राग नव्हता. तो घरात सासूबाईंसाठी ठेवलेला आवाज होता, ज्यांना काही सांगायचं नसतं त्यांच्याशी बोलायचा.

खाली गाडी थांबली. पुण्याच्या बाई वर आल्या, सडपातळ, पिकल्या केसांच्या, आयांना नमस्कार करून आत गेल्या आणि दार लागलं. जिन्यात पायरीवर बसलेल्या मनकर्णाबाईंनी, दुसऱ्या दोघींपैकी एकीच्या आईने, सरकून जागा केली. आपल्या पोरीने सकाळपासून कसा जीव खाल्ला ते सांगू लागल्या. मग म्हणाल्या, तुमची लई गुणी हाय बाई, वरडणं न्हाई, हट्ट न्हाई, कुणावर गेली हो? उत्तराची वाट न बघता त्या पुढचं बोलू लागल्या.

आत गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने दारातून टोकांचा आवाज यायला लागला, प्लायवूडवर कडक, कोरडा, टकटक, थांबून पुन्हा टकटक. मनकर्णाबाई बोलायच्या थांबल्या आणि आपल्या पोरीची पावलं ओळखून हसल्या. दानेश्वरीही कान देऊन ऐकू लागली. त्या आवाजांत नीलूचा कोणता ते ती शोधत राहिली, बराच वेळ, मान जरा तिरकी करून. साध्या बुटांचा आवाज होत नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हाही तिने मान सरळ केली नाही.